मागावरचा वर्ग

वडगावात यंत्रमागाच्या वरचा हॉल
भाड्याने मिळतो तो खटखटीसकट.
किल्ली देताना चन्नप्पा म्हणाले होते,
"बाई, करंट गेला की शांतता फुकट."

पाटीवर वर कन्नड, खाली मराठी.
रंगाऱ्याने दोन्हीकडे 'नृत्य' चुकवलं,
मी दोन्ही तसंच ठेवलं.

जूनमध्ये सव्वीस होत्या, आता सोळा.
दहावीचं वर्ष, कुणाचा बाप नको म्हणाला,
आणि सुळगेकरांच्या मंजिरीचं तर लग्नच ठरलं.
तिच्या आईने चाळ पुसून परत आणले,
थकलेल्या फीसकट.
जिन्यात थोडी रडलीही.

अरमंडीत बसताना माझा गुडघा वाजतो.
पोरींना वाटतं, जिना.

शिवलीला मराठीत भांडते, कन्नडमध्ये मोजते,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि सातच्या तालात पाचव्यावर
रोज त्याच फरशीवर अडखळते.
मी ओरडते. खालचे माग माझ्याहून मोठ्याने.

काल करंट गेला.
अंधारात माझी काठी कुठे घरंगळली कळेना,
आणि फरशीवर एकटीचेच पाय:
पाच. सहा. सात.
पुन्हा. पुन्हा सात.
मग बाकीच्या पंधरा तिच्या मागून.

मध्येच बल्ब लागला.
खाली माग मात्र सुरू झाले नाहीत.
तीर्मान संपलं, शेवटचा पाय पडला,
तेव्हा कुठे खालून पहिली खट्.

आज भाडं द्यायला गेले.
चन्नप्पांनी नोटा दोनदा मोजल्या,
वर न बघता म्हणाले,
"पाच तारीख उलटली, बाई."