तिघांची टोळी

रात्रीचे साडेअकरा. वसमतचं तेहतीस के.व्ही. सबस्टेशन.
पॅनेलवरचे तांबडे दिवे शहाण्या पोरांसारखे एका ओळीत,
बाहेर ट्रान्सफॉर्मरची एकसुरी गुणगुण
आणि कुठल्याशा कढईतून उकडत्या हळदीचा वास.
टेबलावर माझा जुना लॅपटॉप.
सराईच्या दारात सहा जागा रिकाम्या.
खेळ म्हणतो, माणसं निवड.

"काय करायलास?" सटवाजी विचारतो.
पार्टी निवडतोय.
"आता कामून? मतदान तर होऊन गेलं."

मग समजावून सांगतो.
खाली भुयार आहे, सात मजल्यांचं.
सहा जण नेता येतात, पण जे काही शिकायला मिळतं
ते डोक्यांनी भागलं जातं.
सहा गेले तर सहाही अर्धकच्चे.
तिघं गेले तर तिघं लवकर मोठे होतात,
नाहीतर पहिल्याच मजल्यावर मरतात.
सटवाजी मान हलवतो. "भत्त्याचं बी तसंच असतं."

मी एकेक दाखवत जातो.
ढाल घेतलेला आडदांड: "ह्याला शिडी धरायला ठेव."
जादूगार, रात्रीतून तीनदाच आग फेकतो,
मग झोप काढल्याशिवाय बिनकामाचा:
"म्हंजे आपली ऑफिसची टॉर्च."
कुलपं उघडणारी, नावाखाली चोर असं लिहिलेली:
"घे तिला. डीपीच्या पेटीची चावी
दहा वर्षांत कधी जागेवर घावली का?"
जखमा बांधणारा बुवा: "हा लागंलच."
आणि एक गवई, ज्याच्या सुरांनी बाकीच्यांना जोर चढतो:
"ह्याला घरी ठेव. अंधारात बोलका मानूस नको."
मग जरा थांबून,
"आन् ह्यांच्यात भाकरी कोन करतं?"

सगळी यादी खालीवर केली. कुणीच नाही.

फासे टाकत बसलो. बळ सोळा, नशीब चार.
परत. बळ नऊ, नशीब सतरा.
परत. हवा तसा माणूस मिळेपर्यंत परत परत,
पुसलेला कुणी तक्रार करत नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी टेंभुर्णी फीडरचा दिवा हिरवा झाला.
आमच्याकडे हिरवा म्हणजे अंधार.
फोनवर एक बाई: तार तुटून उसात पडली,
आधी जाळ दिसला, मग काहीच दिसेना.

आता फासे नाहीत.
हजेरीच्या वहीत आज जे आहेत तेच आहेत.
सटवाजी, सत्तावन्न वर्षं, उजवा गुडघा दुखरा.
हारुण, नवा, खांबाखाली उभा राहून पण खाली बघणारा.
दैवशाला, खांबावर अशी चढते
की खांबालाही उशिरा कळावं.
सटवाजीनं कुणाला विचारलं नाही.
"ही वर. हारुण उजेड धरंल. मी खाली."
दाराशी बूट घालता घालता माझ्याकडे वळला.
"तू चौथा. माझा आवाज आल्याबिगर
स्विचला हात लावायचा नाई. कुनाचा बी फोन येऊ दे."

एकाच मोटरसायकलवर तिघं गेले.

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.
फोन आले. पाण्याची मोटर, दवाखाना, एक साहेब, मग त्यांचे साहेब.
माणूस खांबावर आहे, एवढंच म्हणत राहिलो.
लॅपटॉपवर सराईची मशाल जळत होती,
आणि मला आठवेना
की दाराशी बसून कशालाच हात न लावणारा
कुठल्या खेळात असतो,
त्याचं बळ कशात मोजतात.

चार वाजता आवाज आला. "दे."
दिला. दिवा तांबडा झाला.

उसाच्या पात्यांनी कापलेले हात घेऊन आले.
हारुण पहिल्यांदाच भडाभडा बोलत होता.
दैवशालानं बाटलीभर पाणी एका दमात संपवलं.
सटवाजीनं डबा उघडला, साडेतीन भाकरी,
चौघांत मोडल्या, ठेचा मधोमध ठेवला,
आणि हनुवटीनं पडद्याकडे दाखवून विचारलं,
"निघाले का हे?"

नाही. अजून सराईतच आहेत.

"बरं हाय. खाऊन निघा म्हनावं."