चौदाव्या मिनिटाला

बँडचं नाव लेअरगुट नॉर्ड.
म्हणजे परत करायच्या रिकाम्या बाटल्या, उत्तर विभाग.
कुठल्याशा दुकानामागच्या पाटीवरून उचललेलं.
त्यात आणखी काही अर्थ नाही.
आम्ही मात्र त्र्याहत्तर सालापासून लावत आलोय.

दर नोव्हेंबरात माझ्या स्वयंपाकघरात जमतो,
डुइसबुर्गच्या बंदरापासून दोन गल्ल्या आत.
एके काळी नऊ जण होतो.
आता गिस्बर्ट, ऑर्टविन, मी
आणि हेडविगची खुर्ची,
जिच्यावर आम्ही ओले कोट टाकतो.

तबकडी तीच. दुसरी बाजू.
एकवीस मिनिटांचा एकच तुकडा:
एक जण दुधाच्या रिकाम्या कॅनवर ठेका धरून बसलाय
पाळी सुटायची वाट बघत असल्यासारखा,
दुसरा ऑर्गनच्या एकाच पट्टीवर कोपर ठेवून झोपलाय
(खरंच झोपला होता म्हणतात),
आणि गिटार कुणी वाजवतच नाही,
नुसती ओढत नेतात सिमेंटवरून,
दाराकडे,
मग परत.

आई म्हणायची, हे संगीत असेल
तर तुझा बाप भट्टीवरून रोज मैफल करून येतो.
ती टोमणा मारत होती.
आम्ही तो वाक्य न् वाक्य पाठ केला,
इतकं नेमकं त्यांच्याबद्दल
कुठल्याच मासिकात छापून आलं नव्हतं.

भांडण एकच.
चौदाव्या मिनिटाला गिस्बर्ट बोट वर करायचा:
ऐका, शिट्टी.
सुईहून बारीक, डाव्या बाजूला, अगदी वर.
आम्ही श्वास धरायचो. कॅन. गिटार. कॅन.
शिट्टी कुणाच्या बापाला ऐकू येईना.
आमचं सगळ्यांचं सोळाव्या वर्षी लोखंडाशी लग्न लागलेलं,
मी तर बोल्टच्या कारखान्यात, छापणीयंत्रापाशी.
तो एकटा टपालखात्यात.
हेडविग म्हणायची, पोस्टमनच तो,
कुत्र्यांच्या संगतीत कान तसे झालेत.
एकदा ऑर्टविनने त्याच्या डोक्यावर बिअर ओतली.
पंच्याऐंशी साली दोघं वर्षभर बोलले नाहीत
एका न ऐकू येणाऱ्या आवाजावरून.

गेली सहा वर्षं ते बोट वर जात नाही.
का, ते आम्ही विचारलं नाही.
त्याने कानाला खडा लावला, आम्ही बटाटे वाढले.

यंदा ऑर्टविनसोबत त्याची नात, फेन्या.
नऊ वर्षांची. आईची रात्रपाळी, म्हणून.
टेबलाखाली मांजराला काहीतरी समजावत होती.
ठेका चालू, ऑर्गनवाला झोपलेला,
गिटार दाराकडे निघालेली,
आणि तिने दोन्ही हात कानांवर दाबले.
कोण शिट्टी वाजवतंय?

मी घड्याळ पाहिलं नाही.
गिस्बर्टच्या हातातलं बटाट्याचं साल
लांबत लांबत तुटलं.

कशी आहे? त्याने विचारलं.
घाण. दातांत जाते.
कुठल्या बाजूला?
तिने आधी एक कान उघडला, मग दुसरा,
आणि कोटांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.
डावीकडे.

ऑर्टविनने श्रवणयंत्र काढलं, शर्टाला पुसलं,
पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.
चाळीस वर्षांची माफी कशी मागतात
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
त्याने नुसती आपली बिअर
गिस्बर्टच्या पुढ्यात सरकवली. ह्या वेळी ग्लासासकट.

गिस्बर्टचं लक्ष नव्हतं.
तो खाली वाकला होता, टेबलापर्यंत,
सत्तरीतले गुडघे कुरकुरत असताना,
तिच्या तोंडाच्या उंचीवर आपलं तोंड आणून.
अजून आहे?
आहे.
आता?

श्श, ती म्हणाली.
तुम्ही बोललात तर मी ऐकू कशी?