पाच दिवस

क्लाक्सविकच्या धक्क्यावर मार्युनचं लोकरीचं दुकान.
दारावरची पाटी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली.
दुसरी पाटी इंटरनेटवर,
हानुसने घेतलेली, एकोणीस वर्षांपूर्वी,
त्याच्याच ईमेलवर.

हानुस गेला.
ईमेल राहिला, दारामागच्या गमबुटांसारखा.

मार्चमध्ये त्यात पत्र आलं:
तुमचं नाव दुसरीकडे हलवायची मागणी आहे.
पाच दिवसांत नाही म्हटलं नाहीत
तर होकार धरू.

मेलेला माणूस नाही कसं म्हणणार?

चौथ्या रात्री ती आत शिरली
बोटीचं नाव टाकून.
बोटीचं नाव! किती वेळा बजावलं होतं त्याला.
आत हवामानाचे अंदाज, कॉड माशाचे भाव,
आणि त्या ढिगात ते पत्र.

नाही, तिने लिहिलं.
पत्ता स्वतःचा घातला, नावाला कुलूप लावलं,
नवा संकेत वहीत उतरवला विणीच्या खुणांनी:
दोन सुलट, एक उलट, एक टाका सोडलेला.
चोराच्या हाती लागलीच वही
तर फार तर बाही विणून होईल.

मग हानुसचा ईमेल कायमचा बंद करायला
बोट बटणापर्यंत नेलं.
राहू दे.
उद्याच्या वाऱ्याचा अंदाज
पहाटे तिथेच येतो.