खोली दोन फूट

बेडरूममध्ये, खांबाच्या आडोशाला
बिल्डरने एक कोनाडा सोडलेला.
रुंदी पाच फूट दोन इंच तीन सूत,
उंची थेट स्लॅबपर्यंत.
“आणि खोली?” मी विचारलं.
“दोन फूट. कमी केली तर
हँगरचा खांदा दाराला घासतो,”
पुखराज सुतार म्हणाला, आणि कानावरची पेन्सिल काढून
भिंतीवरच आकडा लिहून टाकला.

वडगाव बुद्रुकच्या आमच्या दोन खोल्यांत
ही तिसरी.

चौकटीच्या वहीत मी चार रात्री आराखडा काढत होते.
एकोणतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या लावल्यात मी:
जड ते खाली, हलकं ते वर,
रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंत.
साड्या सव्वीस, नेसते त्या सात.
सात समोर. बाकीच्या एकोणीस
वरच्या फळीवर, गाद्यांच्या खोळींशेजारी.
ह्यांचे शर्ट वरच्या दांडीला, पँटी खालच्या दांडीला,
मध्ये साडेतीन फूट. एक इंचही वाया नाही.

दारांवरून मात्र तासभर गेला.
पलंग आणि कपाट यांच्यात एकवीस इंच,
उघडणारं दार गादीला अडणार.
“सरकती करा,” पुखराज म्हणाला,
“पण एका वेळी अर्धंच कपाट दिसेल, ताई.”
चालेल, म्हटलं.
चौतीस वर्षं तसंच चाललंय.

श्रीरंग हसले. ते खुर्चीत होते,
म्हणजे खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाच्या कडेला.
ती खुर्ची हा आमच्या घरातला जुना खटला.
दिवाळीपासून तर रोजच तारीख पडायची:
हे दोन टी-शर्ट, तीच पायजम्याची जोडी,
कपाट कशाला आहे मग? शोभेला?
इस्त्रीचे शर्ट आत लटकून लटकून
खांद्यांवर पिवळे पडले.

“दादा, जरा इकडे उभे राहा,” पुखराज म्हणाला.
“दांडी मापाने लावायची नसते,
हाताने लावायची असते. हात वर करा.”

श्रीरंगांनी डावा हात वर केला.
“डावा नाही. काढता कुठल्या हाताने?”

उजवा हात निघाला,
छातीपर्यंत आला,
खांद्याशी येऊन थांबला.
ओठ घट्ट मिटलेले.
टेपचं टोक जमिनीवर, पुखराजचा अंगठा त्या बोटांशी,
आणि खोलीत
पंख्याचा तेवढा आवाज.

“चार फूट चार,” तो म्हणाला.
लिहून घेतलं. दुसरं काही बोलला नाही.
कारागीर माणूस; लाकडाची गाठ दिसली
की रंधा हळू फिरवायचा, हे त्याच्या हातात होतं.

कधीपासून? मी रात्री विचारलं.
“ऑगस्ट असेल,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.
“तुझं रिटायरमेंटचं चाललं होतं, म्हटलं नंतर सांगू.”
मी वही उघडली, खोडरबर शोधलं.

वरची दांडी पुसली.
साडेसहा फुटांवरचे शर्ट सव्वाचारावर आणले,
पँटी घडी करून ड्रॉवरमध्ये,
ड्रॉवर डाव्या हाताला.
माझा सगळा हिशेब कोलमडला.
सात साड्यांतल्या तीन वर गेल्या,
आणि दांडीच्या वर दीड फुटाची जागा उरली,
बिनकामाची. पुखराज म्हणाला, फळी टाकू?
नको, म्हटलं. राहू दे.

भवानी पेठेतून प्लाय आला,
बोहरी आळीतून रुळ आणि बॉलबेअरिंग,
सहा दिवस घरभर भुसा, फेव्हिकॉलचा वास.
सोमवारी सकाळी सरकतं दार सरकलं,
निळा चौकडीचा शर्ट ह्यांनी उजव्या हाताने काढला,
बटणं लावायला मात्र माझ्यापुढे उभे राहिले.

डॉक्टरची वेळ गुरुवारची आहे.
खुर्ची रिकामी.
मी अजून खोलीत शिरते, तिच्याकडे बघते,
ओरडायला तोंड उघडते,
आणि तशीच उभी राहते.