अंधाराचे पोटप्रकार

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
मी अंधार निवडत बसते.
डार्ककोअर. डूमकोअर. टेररकोअर. स्पीडकोअर.
क्रॉसब्रीड, म्हणजे हार्डकोअरने
ड्रम अँड बेसशी लावलेला पाट.
प्रत्येकाला वेगळं फोल्डर, जशा आईच्या बरण्या:
गोडा मसाला, काळा मसाला, कांदा-लसूण,
आणि एक, जिच्यावर नुसतंच ‘जुना’ लिहिलंय.

निसर्ग भट्ट म्हणतो, डूम जड चालतं,
दीडशेच्या आसपास,
बुटात पाणी शिरलेल्या माणसासारखं.
मी म्हणते, वेगावरून काही ठरत नाही,
ठोका पडून गेल्यावर मागे काय उरतं ते ऐक.
सात मिनिटं अकरा सेकंदांच्या एका तुकड्यावरून
आम्ही अख्खा श्रावण भांडलो,
सेवउसळीच्या गाडीवर, नाक गळत असताना,
तिखट आणखी मागत.
शेवटी तो म्हणाला, ‘जवा दे ने यार.’
तुकडा अजून दोघांकडे वेगवेगळ्या फोल्डरात आहे.

नवरात्रात हेच शहर
नऊ रात्री एका ठोक्यावर गोल फिरतं.
त्याला कुणी पोटप्रकार विचारत नाही.

मग एका रविवारी बाबा खांद्यावरून वाकले
आणि स्क्रीनवर वाचलं: इंडस्ट्रियल हार्डकोअर.
‘कुठली?’ म्हणाले.
मी म्हटलं, रॉटरडॅमची.
‘काय बनतं तिथे?’
काही नाही बाबा. नुसता आवाज.

एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये.
नुसता आवाज बनवणारा कारखाना
त्यांना पटायला वेळ लागला.
मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं,
खिशात टाकलं,
आणि उजवा पंजा स्पीकरच्या जाळीवर ठेवला,
तीन बोटं पूर्ण, दोन अर्धी.

‘हा साठ टनी.
ह्याचं बेअरिंग गेलंय.
ही शीट तिरकी बसली, बघ, आता माल वाया.
इथे पोरगा नवीन आहे, घाबरून मारतोय.’

मी ज्याला टेररकोअर म्हणते
त्याला ते म्हणाले, महिनाअखेर.
स्पीडकोअरला: ह्याला सुपरवायझरने काढायला हवं.
डूमवर थोडं थांबले.
‘लाइट गेल्यावर फ्लायव्हील किती वेळ फिरतं,
माहितीय तुला?
अंधारात, एकटंच,
आणि आपण हात लांब धरून उभे.’
(निसर्गला हे सांगितलं तर तो
व्याख्या म्हणून लिहून घेईल. सांगितलं नाही.)

डार्ककोअर लावल्यावर त्यांनी हात उचलला.
‘ह्यात कुणी ओरडतंय का?’
नाही बाबा, तो सिंथ आहे.
‘बरं.’
पण हात परत ठेवला नाही.
पंख्याकडे बघत बसले
आणि मी आवाज कमी केला,
जो त्यांना तसाही ऐकू येत नव्हता.

त्या रात्री माझा तुकडा पुरा झाला.
दोनशे दहाचा ठोका,
खाली पत्रा घासल्यासारखा एक सूर,
मध्ये चार मोजण्याएवढी शांतता,
जी मी तीनदा पुसली आणि तीनदा परत घातली.
सेव्ह करताना चौकोनाने विचारलं: प्रकार?
निसर्गने तीन नावं सुचवली असती,
तिन्ही बरोबर.
मी ‘काळा’ टाइप केलं. खोडलं. ‘जुना’. तेही खोडलं.
कर्सर लुकलुकत राहिला.
भिंतीपलीकडे बाबा झोपलेले,
यंत्र डबीत.

सकाळी चहा बशीत ओतला त्यांनी,
बशी स्थिर होईपर्यंत थांबले.
‘काल रातपाळीला कोण होतं?’

मीच होते.

‘डाय नीट बसव,’ म्हणाले. ‘घाई करतेस.’