दर तिसरा मंगळवार

वही होती तेव्हा चुकाही माझ्याच होत्या.
फोन खांद्यात, कात्री हातात, पेन्सिल कानामागे,
"हो हो, या," म्हणून टाकायचे
आणि एकाच ओळीवर दोन नावं बसायची,
एका पाटावर दोन जावा बसाव्यात तशी.

पुन्ता अरेनासमध्ये दुकानाचं दार उघडणं
सोपं नसतं. आधी वारा आत येतो, मग माणूस.
इतकं करून आलेल्याला
"जरा थांबता का?" म्हणताना
माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

थांबायचे ते आन्सेल्मोच.
"आधी त्याचं उरका. माझी काय
बोट सुटत नाहीये."
टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीशी बसायचे.
मेंढ्यांच्या मांसाच्या कारखान्यात
चाळीस वर्षं गारठ्यात उभा राहिलेला माणूस,
बसायला मिळालं हेच खूप.
नाताळच्या आदल्या शनिवारी तर
तीनदा उठवलं मी त्यांना,
तिसऱ्यांदा गळ्याभोवती कापड बांधून झाल्यावर.

त्या रात्री भाच्याला म्हटलं,
निबाल्दो, बसव बाबा ते तुझं.

एका दुपारीत बसवलं त्याने.
लोक आपापल्या फोनवरून वेळ घेतात,
घेतलेली वेळ करडी होते,
करड्यावर मग कुणाचं बोट चालत नाही.
आदल्या संध्याकाळी निरोप आपला आपण जातो:
उद्या येताय ना? येत असाल तर १ दाबा.

पहिलं नाव मी स्वतः घातलं.
आन्सेल्मो बार्रिआ. मंगळवार, साडेदहा,
दर तीन आठवड्यांनी.
कधीपर्यंत, त्याने विचारलं.
मी ती चौकट रिकामी सोडली.
आता कुणी उठवून दाखवा म्हाताऱ्याला!

आणि खरंच, दीड वर्षात एकदाही
दोन गिऱ्हाइकं माझ्या दारात
एकमेकांकडे बघत उभी राहिली नाहीत.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
चहा गरम असताना प्यायले.

जूनमध्ये ते गेले.
रस्त्यावर बर्फाची काच झाली होती,
खांदेकरी एकमेकांना धरून चालत होते.
मी मागे, त्यांच्या मानेवर
मी काढायचे ती सरळ रेघ आठवत.

येर्को खेकड्यांच्या बोटीवर असतो,
मंगळवारी सकाळी तेवढा जमिनीवर.
ऑगस्टात त्याचा फोन आला:
"तुमचं यंत्र म्हणतं जागा नाही.
मी बाहेरच उभा आहे, काचेतून दिसतंय,
खुर्ची रिकामी आहे."

बसले पुसायला.
फक्त हीच भेट काढायची,
की यापुढच्या सगळ्या?
सभ्यपणे विचारतं. घाई करत नाही.
बोट टेकवणार, तेवढ्यात दिसलं,
नावापुढे हिरवी खूण.
काल संध्याकाळी, सात वाजून चार मिनिटांनी
कुणीतरी १ दाबला होता.
मागे जाऊन पाहिलं.
तीन आठवड्यांपूर्वीही.
त्याच्याही आधी.

त्यांचा फोन आता सुनिल्दाकडे असणार.
भाजीच्या दुकानात भेटते ती मला,
कांदा किती महागला ते बोलतो आम्ही,
पिशव्या उचलतो, निघतो.

खणातून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.
साडेदहा.
आधी आन्सेल्मो,
मग त्याच ओळीवर, जरा दाटीवाटीनं, येर्को.
यंत्राला यातलं काही कळवलं नाही.

वारा आत आला, मग तो.
उंच आहे पोरगा, खुर्ची पार खाली घ्यावी लागते.
त्याचं झालं, पैसे देऊन गेला,
केस झाडून घेतले, आणि पायाने
खुर्ची परत वर आणली, होती तिथे.
सात दाब.