कोंबडीचं काळीज, पन्नास ग्रॅम

मंगळवारी, शटर ओढायच्या बेतात होतो तर हेलेद आली.
"कोंबडीचं काळीज आहे? पन्नास ग्रॅम."
एवढ्याशा ऐवजासाठी माझ्या तराजूचा काटा
जागचा हलायलासुद्धा लाजतो.
कोणासाठी, विचारलं.
म्हणाली, फेरेट आहे. बोटुम. चार वर्षांचा.
डोळे उघडल्यापासून पिशवीतले दाणे खातोय,
तपकिरी, सगळे एका मापाचे.
त्याला मांस शिकवायचंय.

मांस. शिकवायचंय.
मी सुरी पुसत होतो, ती पुसतच राहिलो.

वडिलांकडे होते दोन.
पाटीच्या दगडाच्या खाणीवरून सुटले की
कोटाच्या बाहीत घालून डोंगरावर न्यायचे.
सशाच्या बिळात शेपूट दिसेनाशी व्हायची
आणि मग आम्ही दोघं, थंडीत, न बोलता.
संध्याकाळी सशाचं डोकं त्यांच्या वाट्याचं, केसांसकट.
कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं.

"लहानपणी जो वास नाकात बसतो
तेवढंच त्यांच्या लेखी अन्न," हेलेद म्हणाली.
"बाकी सगळं नुसतं सामान."

गुरुवारी पुन्हा आली.
दाणे कोमट पाण्यात भिजवून पेज केली होती,
त्यात नखाएवढा खिमा.
त्याने पेज चाटूनपुसून घेतली, खिमा तेवढा
वाटीच्या कडेला काढून ठेवला,
माझा नातू वाटाणे ठेवतो तसा.
मी म्हणालो, एक दिवस उपाशी ठेव,
भूक सगळं शिकवते.
"सहा तास म्हणजे फार झाले त्याला.
साखर उतरते. मागचे पाय लुळे पडतात."
माझी म्हण मी मुकाट्याने गिळली.

मग बोटाने हिरड्यांना लावून पाहिलं.
तो मागे सरकत सरकत
गालिच्याला तोंड पुसत सोफ्याखाली गेला.
माशाच्या तेलाचा थेंब. अंड्याचा बलक.
चमचाभर दाणे कमी, चमचाभर खिमा जास्त,
आणि रविवारी पोट बिघडलं की
पुन्हा पहिल्या वाटीपासून.
तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याला पट्टी बांधून आली.
"चावला, मिस्टर प्रोबर्ट! चव लागली म्हणून चावला!"
एखादीनं बाळाचा पहिला दात दाखवावा
तसा तिने तो अंगठा दाखवला.

मी वजन न करता देऊ लागलो.
नाहीतरी दुसरं कोण येत होतं?
खाली बँगोरला मांस पारदर्शक कागदात मिळतं,
रक्त टिपून घ्यायला खाली कापसाची घडी.
नाक मुरडून माझ्या दारावरून जाणाऱ्यांना
मी नावं ठेवायचो पूर्वी.
आता वाटतं, त्यांनाही कुणी
बोटावर घेऊन चाटवलं नसेल.

फेब्रुवारीत, रात्री साडेदहाला, फोन.
हेलेद काही बोललीच नाही.
फक्त आवाज येत होता. कड. थोडं थांबून, कड.
पंखाचं हाड.
मी पायजम्यात, अनवाणी, लादीवर उभा,
पाय गारठेपर्यंत ऐकत राहिलो.
आतून बायकोने विचारलं, कोण आहे एवढ्या रात्री?
कोणी नाही, म्हटलं.
एक जण जेवतोय.

मार्चअखेर दुकान बंद केलं.
शेवटच्या दिवशी ती त्याला घेऊन आली, स्वेटरच्या गळ्यातून
डोकं बाहेर. मी पाहिलंच नव्हतं त्याला तोवर.
अंगावर तेज होतं, आणि वास कमी
(हे दोन्ही तिनेच मला हुंगायला लावून पटवलं).
लाकडी ठोकळ्यावर कोंबडीची मान ठेवली.
त्याने ती खाल्ली नाही.
पाठीची कमान करून, उड्या मारत, ओढत,
जुन्या तराजूमागच्या फटीत शिरला
आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आला,
बँकेत पैसे भरून आल्यासारखा.

"लपवतो," हेलेद ओशाळली. "उद्यासाठी. हात घालून काढू?"

नको, म्हटलं.

इथे आता केस कापायचं दुकान येणार आहे.
एप्रिलमध्ये, दोन दिवस ऊन टिकलं तर,
शाम्पूच्या वासाखालून कुणाचं तरी
नाक वर होईल.
शोधू देत.